वादळाची खबरबात (कोकण किनारा)

वादळाची खबरबात : चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकत असताना, डोक्यावर घोंघावत असताना आणि पुढे निघून गेल्यावर त्या-त्या गावातल्या माणसांनी आपल्या जागेवरून दिसेल ते लगोलग इतरांना कळवत राहण्याची रीत. पूर्वी हे काम हाकाऱ्यांवर, बंदरावरच्या बावट्यावर, तारेवर आणि पहिल्या एसटीने आलेल्या माणसावर चाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते मोबाइलवर, त्यातही व्हॉट्सॲपवरच्या गावगटांवर आले आहे. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याला उद्देशून असतो. गावकऱ्याची खबर पाखाडीची आणि आळीची असते, आणि ती तेवढीच असली तरच उपयोगाची. महाराष्ट्रात या रीतीचे सगळे गुण आणि सगळी दुखणी एकाच दिवशी दिसली ती ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळात.

आधीचा काळ

वादळांची विद्याच मुळात बघणाऱ्यांच्या टिपणांवर उभी राहिली. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवणारे हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात बसून जहाजांच्या रोजनिशा जमवत. कुठल्या वेळी, कुठल्या ठिकाणी वारा कोणत्या दिशेने होता, एवढ्या तुटक नोंदी जुळवून त्यांनी १८४०च्या दशकात वादळांच्या वाटा आखल्या. १८६४च्या कलकत्त्याच्या वादळाने सरकारला जाग आली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

त्यानंतर बंदरांवर क्रमांकाचे बावटे चढू लागले. कोळीवाड्यांत आजही ‘तीन नंबरचा लागला’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. या अकरा इशाऱ्यांतला शेवटचा, अकरावा, वेगळाच आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते धोका आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे वरून काहीच कळेनासे झाले, तर जागेवरच्या माणसाच्या नजरेवर विसंबायचे, ही तरतूद त्या यंत्रणेतच करून ठेवलेली आहे.

खबर न पोचणे म्हणजे काय, हे कोकणाला १७ जुलै १९४७ रोजी कळले. मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सहाशेहून अधिक माणसे गेली आणि मुंबईला तासन्‌तास पत्ताच नव्हता. पोहून आलेल्यांनी आणि रेवसच्या कोळ्यांनी वाचवून आणलेल्यांनी तोंडी सांगितले तेव्हा कुठे ते शहराला समजले.

३ जून २०२०

अरबी समुद्रात १ जूनला तयार झालेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र २ जूनला चक्रीवादळ झाले. नाव बांगलादेशाने दिलेले, त्या वर्षीच्या नव्या यादीतले पहिलेच. सुरुवातीच्या अंदाजात ते हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात कुठेतरी येणार होते. त्यामुळे सगळ्यांचे डोळे लागले मुंबईकडे, आणि वाहिन्यांचे कॅमेरेही. प्रत्यक्षात ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांना खरा तडाखा बसला.

टाळेबंदी नुकती सैल होऊ लागली होती. कितीतरी घरांत म्हातारी माणसे गावी आणि मुले लालबाग-परळला, डोंबिवलीला, विरारला अडकलेली. उलटही होते. काही चाकरमानी तीन महिने गावी होते आणि वादळाच्या दिवशी घरात एक तरुण माणूस असल्याचा आधार होता. एरवी सुप्रभात, वाढदिवस आणि पालखीची वर्गणी यांत गढलेले गावगट त्या सकाळी कामाला लागले. अशा निरोपांची एक घडण ठरून गेलेली आहे : ‘९.४०. वारा वाढला. धक्क्यावर पाणी अजून नाही.’ ‘लाइट गेली. बॅटरी वाचवा, उगाच फोन करू नका.’ ‘मंदिरामागचा आंबा रस्त्यावर आडवा. गाडी जाणार नाही.’ ‘काका, तुमच्या पडवीचे पत्रे गेले, आई आमच्याकडे आहे.’ या शेवटच्या ओळीसाठी मुंबईतला माणूस दिवसभर फोन हातात घेऊन बसतो. बाकीचे सारे त्याच्या दृष्टीने हवापाणी.

शहरातून उलटी रसदही चालते. विंडीसारख्या संकेतस्थळावरचे रंगीत भोवरे, उपग्रहाची चित्रे, हवामान खात्याची ताजी पत्रके गावात रेंज असेपर्यंत ढकलली जातात. ‘अजून दोन तास, मग डोकं वर काढा’ असे डोंबिवलीत बसलेला भाचा वेळासच्या मामाला सांगतो. हे उपयोगाचे असते, पण यात एक खोट आहे. पडद्यावरचा भोवरा हा गणिताने काढलेला अंदाज असतो, तो पाहून जागेवरच्या माणसाला खोटे पाडता येत नाही. त्या दिवशी असे वाद झाले नसतील तर नवल.

रत्नागिरीत वेगळेच दृश्य होते. बसरा स्टार हे जहाज भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागले. खलाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले, आणि लाटांत कलंडलेल्या त्या जहाजाची चित्रफीत वादळाच्या इतर कुठल्याही खबरीपेक्षा वेगाने फिरली. श्रीवर्धनच्या वाड्यांत त्याच सुमारास सुपाऱ्या काडीसारख्या मोडत होत्या, पण ते दाखवायला तिथे रेंज उरली नव्हती.

वारा फिरला

गावातून येणाऱ्या साऱ्या खबरींत सर्वांत मोलाची कोणती, असे विचारले तर जाणकार ‘वारा फिरला’ हीच सांगतील. पाऊस किती, लाट केवढी, हे भीतीच्या मापाने मोजले जाते. दिशा मात्र सहसा चुकत नाही, कारण ती घराच्या हिशेबात सांगितली जाते : डोंगराकडून, खाडीकडून, समुद्राकडून.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की वादळाचे केंद्र उजव्या हाताला, थोडे मागच्या बाजूला असते. डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला हा नियम आहे, आणि तो पाळायला कुठलेही यंत्र लागत नाही. निसर्गसारखे नैर्ऋत्येकडून येऊन ईशान्येकडे जाणारे वादळ घेतले तर त्याच्या वाटेच्या उत्तरेला, अलिबाग-मुंबईकडे, वारा पूर्वेकडून वळत उत्तरेला जातो. दक्षिणेला, दापोली-रत्नागिरीकडे, तो आग्नेयेकडून दक्षिणेला आणि मग पश्चिमेला फिरतो. ज्या गावावरून केंद्र सरळ जाते तिथे मात्र वारा वळत नाही. आधी तो डोंगराकडून झोडपतो, मग एकदम पडतो, आणि थोड्या वेळाने समुद्राकडून उलटा येतो. वेगवेगळ्या गावांतल्या तीन माणसांनी वेळेसकट दिशा कळवली तर केंद्र कुठे आहे ते कागदावर काढता येते. पिडिंग्टन यांनी तरी दुसरे काय केले?

मधल्या त्या शांततेत जाणारा निरोप सर्वांत घातक. ‘थांबलं एकदाचं’ असे कोणीतरी लिहितो, पुढच्या आळीतली माणसे कौले बघायला, गोठ्यातली गुरे बघायला बाहेर येतात आणि दुसरा वारा त्यांना उघड्यावर गाठतो. पहिल्या वाऱ्याने जे सैल करून ठेवलेले असते ते दुसरा वारा उलट बाजूने उपटतो. नंतर वाडीत गेले की हे जमिनीवर वाचता येते : काही माडांचे शेंडे समुद्राकडे, काहींचे डोंगराकडे, आणि त्यांच्या खाली चिरडलेल्या पोफळी.

गप्प झालेले गाव

खबरबातीची सर्वांत मोठी अडचण अशी की ती ज्या घटकेला हवी त्याच घटकेला तुटते. खांब आडवे होतात, वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात किंवा टॉवरच पडतो. मुंबईतल्या फोनवर दोन टिका येण्याचे थांबते आणि एकच टिक दिसू लागते.

३ जूनच्या दुपारी नेमके हेच झाले. मुंबई वाचली, हे संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाले होते. ते खरेही होते. पण दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीतून काहीच येत नव्हते, आणि काही येत नाही म्हणजे काही झाले नाही, असा अर्थ सहज लावला गेला. प्रत्यक्षात तिथली कौले, पत्रे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-सुपारीच्या वाड्या गेल्या होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, ती देणारी झाडे एका दुपारी गेली. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

म्हणून निरोपांच्या नकाशावर सर्वांत काळजीची जागा कोणती, तर जिथून निरोप थांबला ती. दहा गावे ओरडत असतील आणि मधली तीन गप्प असतील, तर मदत आधी त्या तिघांकडे निघायला हवी. हे सांगायला सोपे आहे. ओरडणाऱ्याकडे पाठ फिरवून गप्प बसलेल्याकडे गाडी वळवणे कुठल्याही अधिकाऱ्याला जड जाते.

साखळी

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आले ते किनाऱ्याला न चढता समांतर वर सरकत गेले : १६ मेला गोवा-सिंधुदुर्गासमोरून, १७ मेला मुंबईसमोरून, आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर. अशा वादळात खबरीची साखळी बनते. वेंगुर्ल्याचे वर्तमान हे देवगडचे भविष्य असते, देवगडचे रत्नागिरीचे. सोयरिकी आणि मासळीचे व्यवहार असल्या गावांत आधीच जोडलेले असतात, त्यामुळे निरोप सरकारी पत्रकाची वाट पाहत नाही. ही साखळी जमिनीपुरतीच. त्याच १७ मेला बॉम्बे हाय या भर समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा बुडाला. तिथे समुद्र बघून ‘वारा फिरला’ म्हणून कळवणारे शेजारचे गाव नव्हते.

अफवा

दर वादळात जुन्या चित्रफिती नव्या नावाने फिरतात. परदेशातल्या उडत्या छपरांना हर्णै म्हटले जाते, मागच्या वर्षीची लाट आजची होते. गावगटांत याची छाननी आपोआप होते, कारण तिथे कोणीतरी विचारतोच, ‘हा खांब कोणाच्या दारातला?’ गट जितका मोठा आणि अनोळखी, तितकी ही छाननी पातळ. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल घबराट पसरवणारा खोटा इशारा फिरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

अफवा किती जगते याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे मेली, असे अनेक याद्यांत छापले गेले आणि कितीएक वर्षे उतरवले गेले. कोलंबिया विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा तसे वादळ झाल्याचा पुरावाच सापडला नाही. एवढे मोठे संकट, आणि त्या काळच्या मुंबईतल्या कोणीच ते पाहिलेले नाही!

वारा पडल्यावर

वादळ गेल्यावर निरोपांचा विषय बदलतो. कोणता रस्ता मोकळा, कोणाकडे जनरेटर, कुठे फोन चार्ज होईल, करवत कोणाकडे आहे. पडल्या दिवशी काढलेले फोटो पंचनाम्याला कामी येतात. तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत वाट मोकळी करण्यासाठी निम्मी झाडे तोडून बाजूला झालेली असतात, मग मोजायचे काय? ज्याने झाड हलवण्याआधी फोटो काढून ठेवला त्याचे बोलणे सोपे जाते.

पहिल्या निरोपाचा क्रम मात्र सगळीकडे एकच : माणसे, गुरे, घर, वाडी. रेंज नसेल तर दुचाकीवर एखादा तरुण महामार्गाच्या दिशेने निघतो आणि चार-पाच घरांचे निरोप बरोबर घेतो. इथे एक जुनी गोष्ट पुन्हा उपयोगी पडते. फोन मेलेला असतो आणि मुलाचा नंबर कोणालाच पाठ नसतो. मग भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली जाते. तिच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली, पेनाने लिहिलेले दहा आकडे असतात. ते चिठ्ठीवर उतरवून खाली ‘सगळे ठीक, छप्पर नाही’ एवढे लिहितात, आणि चिठ्ठी भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या खिशात देतात.