ऊन लागलंय की उष्माघात झालाय?

मे महिन्यात किल्ल्याच्या चढावर कुणी मटकन खाली बसलं की बाकीचे म्हणतात, ‘ऊन लागलं.’ दोन वेगळ्या दुखण्यांना आपण हा एकच शब्द वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं दुखणं म्हणजे उन्हाने आलेला गळाठा. तो ट्रेकरांच्या ओळखीचाच आहे: डोकं ठणकतं, मळमळतं, पायात गोळे येतात. सावलीत आडवं करा, पाय सॅकवर ठेवा, ओआरएस घोटघोट पाजा. माणूस सावरतो. मग त्याला खाली उतरवा, ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी वर नेऊ नका.

दुसरा उष्माघात. त्याची खूण म्हणून एकच वाक्य सगळीकडे फिरतं: ‘घाम थांबला, अंग कोरडं पडलं की उष्माघात.’ या वाक्याची मला मनापासून चीड आहे. उकाड्यात घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते बऱ्याचदा लागू पडतं. पण चढणाऱ्याचे स्नायूच आतून उष्णता तयार करत असतात, त्यामुळे उष्माघात होतो तेव्हाही तो पुष्कळदा घामाने निथळत असतो. अंग कोरडं पडायची वाट बघाल तर वेळ हातची जाईल.

बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूचा ताल सुटतो. गुंजवण्याहून राजगड चढताना आमच्यातल्या एकाने बुटाची नाडी सोडली आणि ती हातात धरून नुसता बघत बसला. कुठल्या गडावर आलोय, विचारलं तर खेकसला, ‘सिंहगड!’ टी-शर्ट पिळून निघावा इतका घाम होता. असं बरळणं, उगाच चिडणं, झोक जाणं, झटके येणं, यातलं एक जरी दिसलं तरी उष्माघात समजा.

मग ‘आधी खाली नेऊ’ म्हणू नका. आहे त्या जागी गार करा: असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, पंचा भिजवून मानेला, काखेत लावा, सॅकच्या कव्हरने वारा घाला. तोवर दुसऱ्याने १०८ लावावा. धड शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून ते श्वासात जातं. तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप नव्हेच.

आणि तो शुद्धीवर येऊन गप्पा मारायला लागला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडांना, यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनीही उघड होते.