व्हायोलिन घरोघरी, चेलो मात्र शोधून सापडेना: गोव्यातल्या चेंबर संगीताची पार्श्वभूमी

पावसाळा सरला, नोव्हेंबर उजाडला की पणजी-मडगावच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर छोट्या बातम्या दिसू लागतात. अमक्या चर्चमध्ये दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो (गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं, व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं वाद्य) यांच्या चौकडीचं वादन. तमक्या सभागृहात पियानो-चेलोची जुगलबंदी, आणि त्यात पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघालेली गोव्यातलीच एखादी मुलगी. आपल्याकडचा मराठी वाचक बहुधा ही बातमी ओलांडून केसरबाईंच्या नावाने होणाऱ्या संगीत समारोहाच्या बातमीवर थांबतो. त्यात गैर काही नाही, पण या छोट्या बातमीमागे साडेचारशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याच गावांतला आहे.

चेंबर म्युझिक म्हणजे घरातल्या दालनात मावेल एवढ्या मंडळींचं वादन. प्रत्येक सुरावटीला एकच वादक, समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. ऑर्केस्ट्रात पंधरा व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात, एखाद्याचा सूर घसरला तर खपून जातो. चौकडीत तसं खपत नाही. पहिला व्हायोलिनवाला श्वास घेतो, गज किंचित उचलतो आणि उरलेले तिघे त्याच क्षणी सुरू होतात. मैफलीत गायकाने नुसतं पाहिलं तरी तबलजीला समेची जागा कळते, तसाच हा मामला. ज्याला बैठक कळते त्याला हे ऐकायला अवघड जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता मागे जाऊ. सोळाव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे 1540 नंतरच्या दशकात, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत चर्चना जोडून गावशाळा निघू लागल्या. तिथे धर्माचे पाठ, अक्षरओळख आणि संगीत एकत्र शिकवलं जाई. वादक घडवणं हा हेतू नव्हता. लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरात गायला मुलं हवी होती, एवढाच हिशेब. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजातही संगीताचं शिक्षण चाले. सतराव्या शतकात इथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी या शहरातल्या चर्चसंगीताचं भरभरून वर्णन केलं आहे. रोममध्ये नव्याने रुजत असलेल्या शैलीतल्या रचना समुद्र ओलांडून इथे गायल्या जात होत्या. धर्मांतर, इन्क्विझिशन म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा छळ, देवळांची पाडापाडी हे सगळं याच काळातलं, हे विसरून या संगीताचं कौतुक करता येत नाही. पण ते घडलं म्हणून संगीत घडलंच नाही, असंही म्हणता येत नाही.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे गावचा मेस्त. चर्चच्या कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, प्रमुख तोच आणि गावशाळेचा मास्तरही तोच. सकाळी पोरं ओळीने उभी करायची आणि हाताने ताल धरून ‘सोल्फेज’ म्हणवून घ्यायचे. आधी स्वर तोंडाने म्हणायचा, कागदावरच्या पाच रेघांवर तो ओळखायचा आणि हे पक्कं झाल्याशिवाय हातात वाद्य नाही. मग रेबेक, म्हणजे व्हायोलिन. पगार बेताचा, काम बारमाही: मिस्सा, लग्न, मयत, फेस्त म्हणजे चर्चचा सण. या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला युरोपीय स्वरलिपी धडाधड वाचता येई. पुढे सगळ्या हिंदुस्थानात गोवेकराला भाकरी मिळाली ती या वाचनावर.

पण चेंबर संगीताच्या दृष्टीने खरी मजा चर्चच्या बाहेर आहे. सासष्टीतल्या एखाद्या गावात घरची ‘लादाईन’ पाहा. संध्याकाळी क्रुसासमोर किंवा घरातल्या देव्हाऱ्यापुढे मेणबत्त्या लावलेल्या असतात, शेजारीपाजारी जमलेले असतात. एका बाजूला दोन रेबेकवाले, कधी जोडीला क्लॅरिनेट आणि थोरलं बास व्हायोलिन. लॅटिन प्रार्थना दोन आवाजांत गायली जाते आणि प्रत्येक कडव्याच्या फटीत व्हायोलिनं आपलं छोटं वाक्य घालून जातात. वरचं व्हायोलिन सूर धरतं, खालचं तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावरून त्याच्या सोबतीने चालतं. संपलं की उकडलेले चणे आणि घोटभर फेणी. उपवासाच्या चाळीस दिवसांत गायले जाणारे ‘मोतेत’ तर आणखी बांधीव: दोन-तीन आवाज, दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, बास. एकेका सुरावटीला एकेक माणूस, कंडक्टर नाही. व्याख्येनुसार हे चेंबर संगीतच झालं, फक्त तसं त्याला कुणी म्हटलं नाही.

एकोणिसाव्या शतकात याला दुसरा पाट मिळाला, तो मांड्याचा. कुडतरी, लोटली, राय या भागातल्या जमीनदार घरांच्या प्रशस्त सालांमध्ये, म्हणजे दिवाणखान्यांत, लग्नाच्या निमित्ताने, कोकणी शब्दांचे हे संथ प्रेमगीत रचले आणि नाचले जाऊ लागले. व्हायोलिनच्या शेजारी घुमट वाजू लागलं. कुडतरीचे आर्नाल्द द मेनेझिस हे या रचनाकारांतलं मोठं नाव. घुमट हे आपल्या शिगम्यातलं, आरत्यांतलं वाद्य. ते पाश्चात्त्य व्हायोलिनच्या मांडीला मांडी लावून बसलं आणि दोघांनाही काही अडलं नाही. त्याच मातीतून पार्से गावच्या श्रीधर पार्सेकरांसारखा व्हायोलिनवादक निघाला. त्यांनी तेच वाद्य हिंदुस्थानी रागसंगीतात नेऊन बसवलं. गोव्यातल्या हिंदू घरांना हे लाकूड परकं होतं असं कुणी म्हणत असेल तर त्याला पार्सेकरांचं नाव सांगावं.

मग ही मंडळी गेली कुठे? मुंबईला, कलकत्त्याला, संस्थानिकांच्या पदरी, लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या पडद्यापुढे, हॉटेलांच्या नाचघरांत. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यातही गोवेकर वादक होते. 1940 मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं. त्यांचे चिरंजीव, पुढे जगप्रसिद्ध कंडक्टर झालेले झुबिन, घरातल्या याच तालमी ऐकत मोठे झाले, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पण गोवेकरांना पोसलं ते सिम्फनीने नव्हे, हिंदी सिनेमाने. सेबॅस्टियन डिसोझा, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अरेंजर. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि हे रातोरात पन्नास वादकांसाठी कागद लिहून काढायचे. गोन्साल्विस यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस गोन्साल्विसांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा यांची सांगड घालणारा स्वतःचा वाद्यवृंदही काढून पाहिला. तो फार टिकला नाही. आज गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

सिनेमाने पोट भरलं खरं, पण सवय एका ठरावीक कामाची लागली. स्टुडिओत व्हायोलिनांचा ताफा लागे, चेलो तीन-चार पुरत, व्हायोला त्याहून थोडे. गावातल्या पोराने काय शिकावं हे ठरवलं ते या मागणीने. 1980-90 च्या दशकांत सिंथेसायझर आला, एक माणूस बोटांखाली अख्खा तारवाद्यांचा ताफा वाजवू लागला आणि ही रोजी आटली. त्याआधी गावाकडचं मूळही सुकत चाललं होतं. गावशाळा विसाव्या शतकात एकेक करून बंद पडल्या, कारण शिकून मुंबई, आफ्रिका, आखात गाठणाऱ्या पिढीला सोल्फेजपेक्षा इंग्रजी जास्त उपयोगाचं वाटलं. 1960 च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सा लोकांच्या भाषेत आणली. कोकणीत प्रार्थना आली ही मोठीच गोष्ट, पण तिच्याबरोबर लॅटिन मोतेतांचं नेहमीचं स्थान गेलं आणि कॉयरात व्हायोलिनच्या जागी गिटार, मग की-बोर्ड येऊन बसला.

संस्थात्मक बाजू थोडक्यात. 1952 साली मायेस्त्रो आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी काढली आणि गोव्याचा सिम्फनी ऑर्केस्ट्राही उभा केला. मुक्तीनंतर 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण तिच्या छत्राखाली आलं. पाद्री आणि संगीतज्ञ लुर्दिनो बार्रेतो यांनी तो विभाग बरीच वर्षं सांभाळला. चार्ल्स कोरियांनी कांपालला मांडवीकाठी बांधलेल्या इमारतीत 1980 च्या दशकापासून एका बाजूला तानपुरे आणि दुसऱ्या बाजूला पियानो असा संसार सुरू आहे. सभागृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं, आणि त्याच रंगमंचावर युरोपातून आलेली त्रिकुटं आणि चौकड्याही वाजवून जातात. मधे नूतनीकरणासाठी हे संकुल दोन वर्षांच्या आसपास बंद होतं, 2023 च्या जुलैत खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं आणि गदारोळ उडाला. त्या काळात छोट्या कार्यक्रमांनी पणजीतली जुनी दालनं, दोनापावलाचं इंटरनॅशनल सेंटर, चर्च यांचा आसरा घेतला. चेंबर संगीताचं त्यात फारसं बिघडलं नाही, कारण हजार खुर्च्यांचं सभागृह त्याला कधीच मानवत नाही. जुन्या गोव्याच्या टेकडीवर फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेने डागडुजी केलेल्या मोन्त कपेलात दरवर्षी हिवाळ्यात संगीत महोत्सव होतो. तिथे रागसंगीत आणि पाश्चात्त्य चेंबर वादन शेजारी शेजारी ठेवतात. मराठी श्रोत्याने सुरुवात करायची तर तिथून करावी.

तरुण वादकांच्या यशाकडे येऊ, कारण बातम्या त्यांच्याच असतात. गोव्यात मुलं बहुतेक करून लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा देतात. पहिली ते आठवी श्रेणी, त्यापुढे डिप्लोमा. आठवी श्रेणी गुणवत्तेसह पार केली की गावात पेढे, वर्तमानपत्रात फोटो. कौतुक व्हायलाच हवं. पण ही परीक्षा मुख्यतः एकट्याची आहे: मूल, परीक्षक, फार तर साथीला पियानो. आठही श्रेणी ओलांडलेलं मूल एकदाही दुसऱ्या तिघांबरोबर बसलेलं नाही, असं सर्रास होतं. त्यातून पियानो, व्हायोलिन, गिटार यांचीच गर्दी. व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा थोरला, पाच स्वर खाली लावलेला. त्याची स्वरलिपीही वेगळ्या खुणेची. आठवीपर्यंत पोचलेल्या मुलाला ‘आता व्हायोला घे’ म्हटलं तर आईबाबांना ते पदावनती वाटते. चेलोचा खर्च मोठा, तो बसमधून नेता येत नाही, आणि जून ते सप्टेंबर गोव्याच्या दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस सैल पडतात, कधी सांधा उकलतो. दुरुस्तीला कारागीर शोधत मुंबई गाठावी लागते. मग पणजीत चौकडी जमवायची तर व्हायोलिनवाले लगेच मिळतात आणि उरलेल्या दोघांसाठी बाहेरगावी फोन लावावे लागतात.

देशपातळीवरचं चित्र याला धरूनच आहे. मुंबईत एनसीपीएने (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स) 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला तेव्हा कझाकस्तानी व्हायोलिनवादक मारात बिसेन्गालियेव यांच्या मार्गदर्शनाखाली बरेच वादक बाहेरूनच आणावे लागले. भारतीय मोजकेच होते. ज्या प्रदेशाने शतकभर दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांना माणसं पुरवली, त्याच्या वारसांना यात भरभरून जागा मिळू नये, ही बोच गोव्यात अनेकांना आहे. मला विचाराल तर दोष ऑर्केस्ट्राला देऊन उपयोग नाही. त्यानेही पुढे मुलांसाठी अकादमी काढलीच. आपल्याकडे लहानपणापासून रोज शिकवणारी, एकत्र वाजवायला लावणारी गावशाळा उरली नाही, हे खरं कारण.

ती उणीव ओळखून झालेलं एक काम इथे नोंदवायला हवं. इंग्लंडमधून परतलेले डॉक्टर लुईस डायस यांनी 2009 साली पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू केलं. लंडनमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या मुलांचा तारवाद्यवृंद ऐकला होता, प्रेरणा ती. फी परवडत नाही अशा मुलांना इथे वाद्य आणि शिक्षण दोन्ही मिळतं, आणि व्हायोलिनबरोबर व्हायोला आणि चेलोही पहिल्यापासून हातात दिले जातात. मूल थोडं सावरलं की त्याला गटात बसवतात. तीन-चार स्वरच येत असले तरी ते दुसऱ्याच्या तीन-चार स्वरांबरोबर वाजवायचे. मेस्त हेच करत असे, फरक इतकाच की त्याच्यापाशी हक्काचं चर्च आणि बारा महिन्यांचे प्रसंग होते. इथे प्रत्येक कार्यक्रमासाठी देणगीदार, जागा आणि शिक्षक जमवावे लागतात. अडचण शिक्षकांची सर्वांत मोठी, कारण चेलो शिकवू शकणारे बहुतेक जण स्वतः परदेशातून काही महिन्यांसाठी आलेले असतात आणि ते परतले की मुलांचा धडा अर्ध्यावर राहतो. म्हणून बातमीत एखाद्या गोवेकर मुलाच्या नावापुढे ‘व्हायोला’ किंवा ‘चेलो’ छापलेलं दिसलं, तर ते नाव आठवी श्रेणीच्या दहा फोटोंपेक्षा जास्त नीट वाचावं, आणि जमलं तर त्याचा कार्यक्रमही गाठावा. अशा कार्यक्रमांना बहुधा तिकीट नसतं आणि मागच्या रांगा रिकाम्याच असतात.