पूर्व जर्मनीतल्या जीन्समागचं राजकारण

पूर्व जर्मनीत जीन्सची पँट हा सरकारी प्रश्न होता म्हटलं तर आज खरं वाटत नाही, पण तो प्रश्न तिथल्या सरकारने स्वतःच ओढवून घेतला होता. जून १९५३ मध्ये कामगार रस्त्यावर उतरले, सोव्हिएत रणगाड्यांनी तो उठाव चिरडला, आणि सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला कळून चुकलं की नुसतं पोलादाचं उत्पादन दाखवून लोक गप्प बसत नाहीत, दुकानात वस्तूही दिसल्या पाहिजेत. मग १९५८ मध्ये पक्षाचे प्रमुख वाल्टर उल्ब्रिख्टनी जाहीरच केलं की १९६१ पर्यंत दरडोई खपात आपण पश्चिम जर्मनीला मागे टाकू. सगळी गोची इथेच झाली असं मला वाटतं, कारण मोजायला पट्टीच पश्चिमेची घेतली. मागे टाकणं राहिलं बाजूला, त्याच १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली.

कपड्यांकडे दुर्लक्ष होतं असं मुळीच नाही हां. बर्लिनला सरकारी फॅशन इन्स्टिट्यूट होती, १९५६ पासून ‘सिबिले’ नावाचं फॅशनचं मासिक निघायचं आणि त्यातले फोटो खरंच अप्रतिम आहेत. पण त्यात बघितलेला ड्रेस दुकानात सापडणं मुश्किल, कारण कारखान्यांना आधीच ठरलेला प्लॅन पुरा करायचा असायचा आणि चांगला माल निर्यातीला जायचा, त्यामुळे बायका ‘प्रामो’ मासिकातले पॅटर्न बघून घरीच शिवायच्या आणि फार सुंदर शिवायच्या.

१९६२ मध्ये ‘एक्स्क्विझिट’ नावाची सरकारी दुकानं निघाली, तिथे माल चांगला पण किमती आवाक्याबाहेर. ‘इंटरशॉप’ नावाच्या दुसऱ्या सरकारी दुकानांमध्ये तर पश्चिमेचंच चलन लागायचं, आणि १९७४ पासून सामान्य माणसाला ते जवळ ठेवायची परवानगी मिळाल्यावर ज्याची मावशी पश्चिमेला त्याची मजा, आणि जो इमानदारीत पक्षाचं काम करतोय, पश्चिमेशी संबंध ठेवत नाही, तो हात हलवत परत. समतेचं नाव घेणाऱ्या राज्यात हे व्हावं याची मला आजही चीड येते.

आणि जीन्स? आधी ती अमेरिकेची विकृती, शाळेत घालून गेलं तर मुलांना घरी पाठवायचे. १९७१ मध्ये उल्ब्रिख्टच्या जागी होनेकर आल्यावर धोरण सैल झालं, ‘विझेंट’, ‘बॉक्सर’ अशा देशी जीन्स निघाल्या, पण पोरांना अस्सलच हवी होती, धुतल्यावर रंग उतरणारी. शेवटी १९७८ मध्ये सरकारनेच अमेरिकेच्या लिव्हाइस कंपनीच्या लाखो पँट विकत आणल्या आणि त्यासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या.