गांडूळपालन: आधी गळ, मग खत

गांडुळं पाळायची ती खतासाठी, असं आज आपण धरून चालतो. हा धंदा उभा राहिला मात्र मासे धरणाऱ्यांच्या जोरावर. आमिष विकायचं, आणि पेटीत उरलेलं काळं, भुसभुशीत खत ही वरकड कमाई.

गळ टाकणाऱ्यांना गांडुळांच्या जाती शास्त्रज्ञांच्या आधीपासून ओळखता येत होत्या. इंग्लंडच्या आयझॅक वॉल्टन यांनी १६५३ साली मासेमारीवर लिहिलेल्या पुस्तकात शेणाच्या जुन्या ढिगातल्या गांडुळाची वेगळी नोंद आहे. गांडुळं आधी शेवाळात ठेवून त्यांचं पोट साफ करून घ्यावं, हा सल्लाही त्यात आहे. ते शेणातलं पट्टेरी गांडूळ म्हणजे आजच्या खतपेटीतलं आयसेनिया फेटिडा. १८२६ साली फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ साविन्यी यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं ते थेट ‘दुर्गंधी’ या अर्थाचं. डिवचलं की ते पिवळट, घाण वासाचा द्रव सोडतं. गळाला लावणाऱ्याच्या बोटांना हे सांगायला नको.

गांडुळांना प्रतिष्ठा दिली ती डार्विन यांनी. १८८१ च्या आपल्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते. पण ही गांडुळं जमिनीत बिळं करणारी. इथूनच एक घोळ सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही: बागेत खणून काढलेली गांडुळं पेटीत सोडायची आणि ती मेली की हळहळायचं. पृष्ठभागावरच्या कुजक्या पाल्यात राहणारी, मातीत राहणारी आणि खोल उभी बिळं करणारी असे तीन गट फ्रान्सच्या मार्सेल बुशे यांनी १९७० च्या दशकात स्पष्ट केले. पेटीत टिकतात ती पहिल्या गटातली. ती दाटीवाटीत राहतात, काही आठवड्यांत वयात येतात. खोल बिळातलं जाडजूड लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस आमिष म्हणून उत्तम, पण पाळायला अवघड. म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओत आजही कपाळाला दिवा लावून, रात्री शेतात वाकून ती हातानं वेचतात.

अमेरिकेत पेट्यांत गांडुळं वाढवण्याचा प्रसार थॉमस बॅरेट यांच्या १९४७ च्या पुस्तकानं केला. १९७० च्या दशकात मात्र ‘आमची बीजगांडुळं घ्या, वाढवा, आम्हीच परत विकत घेऊ’ अशा योजनांचं पीक आलं. गिऱ्हाईक म्हणजे पुढचा नवा पाळणारा. नवे येईनासे झाले की सगळं कोसळायचं. घरच्या ओल्या कचऱ्याकडे लक्ष वळवलं ते मिशिगनच्या मेरी अॅपलहॉफ यांच्या १९८२ च्या पुस्तकानं.

पुढे आणखी जाती आल्या. आफ्रिकेतलं युड्रिलस भराभर वाढतं, पण थंडीत मरतं. आशियातलं पेरिओनिक्स उष्ण हवेला छान, फक्त वादळी रात्री पेटीतून पसार होण्याची त्याला खोड. युरोपातलं डेंड्रोबीना खताला आणि गळाला दोन्हीकडे चालतं. मला विचाराल तर सगळ्यांत व्यवहारी तेच.

उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांभोवतीची जंगलं हिमयुगानंतर गांडुळांविनाच वाढली होती. मासे धरून झाल्यावर काठावर ओतलेल्या आमिषाच्या डब्यांमधूनही तिथे लुम्ब्रिकस पसरलं, आणि त्यानं जमिनीवरचा पाचोळ्याचा जाड थर खाऊन टाकला.