चाचणी गप्प आहे, म्हणजे पास नव्हे

एक्सेलच्या सेलमध्ये राउंडचा फॉर्म्युला लावून २.५ पूर्णांकात आणा. उत्तर ३ येतं. त्याच एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करून घेणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, लिहिण्यासाठी व्हीबीए ही भाषा आहे. तिच्या राउंडला तेच २.५ दिलं तर ती २ म्हणते. चूक दोघांचीही नाही. फॉर्म्युला शाळेतल्या नियमाप्रमाणे अर्धा वर ढकलतो, व्हीबीए मात्र अर्ध्यावर अडलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते. गंमत अशी, की ३.५ दिलं तर दोघंही ४ सांगतात. चाचणीला ३.५ निवडणाऱ्याला हा फरक कधी दिसणारच नाही.

आकडे नीट निवडले तरी दुसरी अडचण उरते. अशा स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात चालतात, त्यामुळे चाचणीसाठी आधी तो अख्खा प्रोग्रॅम सुरू करावा लागतो. त्रिमितीय चित्रांचा ब्लेंडर, ऑफिसच्या कामांचा लिबरऑफिस यांना खिडकी न उघडता चालवता येतं, हे बरं. इतर ठिकाणी मध्येच ‘बदल सेव्ह करायचे का?’ असं विचारणारी चौकट उघडते, आणि चाचण्या आपोआप चालू असताना रात्री दोन वाजता बटण दाबायला कुणी नसतं. म्हणून प्रत्येक चाचणीला वेळेची मर्यादा हवीच.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे खोटं यश. प्रोग्रॅम बंद होताना एक आकडा मागे ठेवतो, त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे सगळं ठीक. पण ब्लेंडरला पायथन भाषेतली स्क्रिप्ट दिली आणि ती मध्येच कोसळली, तरी एक्झिट कोडचा पर्याय मुद्दाम दिलेला नसेल तर ब्लेंडर शून्यच परत करतो! चाचण्या चालवणारी यंत्रणा तो शून्य बघून खुशाल हिरवा दिवा लावते.

यावरचा उपाय जुना आहे. १९८७ साली पर्ल भाषेसोबत आलेल्या ‘टॅप’ या पद्धतीत किती चाचण्या होणार हे लॉगमध्ये, म्हणजे निकालांच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं: ‘१..५’. मग एकेका ओळीत ‘ओके १’, ‘नॉट ओके २’. तिसऱ्या चाचणीच्या ओळीनंतर लॉग थांबला, तर दोन निकाल बेपत्ता आहेत हे लगेच कळतं. फक्त अपयशच नोंदवणाऱ्या लॉगमध्ये हे दोन निकाल पास झाल्यासारखेच दिसले असते.

लॉगची प्रत्येक ओळ लिहिल्या क्षणी डिस्कवर जायला हवी. नाहीतर ती मेमरीत साठून राहते आणि क्रॅश झाला की नेमक्या शेवटच्या, सगळ्यात कामाच्या ओळी जातात. चाचणीचं नाव ती सुरू होण्याआधीच लिहावं, म्हणजे कोणत्या चाचणीत प्रोग्रॅम पडला ते सापडतं. प्रोग्रॅमची आवृत्ती आणि भाषेची सेटिंगही नोंदवावी, कारण जर्मन सेटिंगमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम येतो आणि आकडे वाचणारी स्क्रिप्ट तिथेच अडखळते. कधी पास, कधी नापास होणारी चाचणी पुन्हा चालवून हिरवी झाली, तरी पहिलं ‘नॉट ओके’ लॉगमधून पुसू नये.