न्यूजरील, पोथी आणि दुष्काळाचे फोटो

परभणी-बीडकडच्या जुन्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी न्यूजरील लागली, की मागच्या बाकांवरची मंडळी बिडी ओढायला बाहेर पडायची. रीळ लावणं ही परवान्याची अट होती, ती बघायची सक्ती नव्हती. पण या रिळा काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत (स्थापना १९४८ची, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला तेच वर्ष) साठच्या दशकाच्या शेवटी भलतंच काही शिजत होतं. एम. एफ. हुसेन यांनी १९६७ मध्ये राजस्थानात फिरून निवेदनाशिवायचा, गोष्टीशिवायचा लघुपट केला आणि बर्लिन चित्रपट महोत्सवातून गोल्डन बेअर हे बक्षीस आणलं. दिग्दर्शक प्रमोद पतींनी १९७२ मध्ये आपल्या लघुपटात चित्रकार आबिद सुरतींना एकेक फ्रेम टिपत बाहुलीसारखं हलवलं. याला माहितीपट म्हणायचं, चित्र म्हणायचं की खेळ? माहितीपट, कथा आणि चित्रकला या तिन्हींत वावरणाऱ्या आजच्या दिग्दर्शकाच्या मागे हे काम उभं आहे.

तरी ‘ही सरमिसळ बाहेरून आली’ म्हणणारे भेटतातच. त्यांनी पैठण शैलीची चित्रं बघावीत. एकोणिसाव्या शतकात चित्रकथी कागदावर रंगवलेला रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग लोकांसमोर धरायचा आणि गात-सांगत कथा पुढे न्यायचा. चित्र जागचं हलत नसे, हलायचा तो आवाज. अशा चित्रांच्या संचाला चित्रकथी पोथीच म्हणत.

‘अजिंठा म्हणजे पहिला सिनेमा’ हे वाक्य भाषणात बरं दिसतं, मला ते पटत नाही. मला तिथे रॉबर्ट गिल जास्त महत्त्वाचा वाटतो. १८४०च्या दशकात आलेल्या या लष्करी अधिकाऱ्याने लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या, पुढे कॅमेराही हाती घेतला. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक नकला जळाल्या. आपल्याकडे ना. धों. महानोरांच्या कवितेमुळे गिल आणि तिथली पारो यांच्या प्रेमाची गोष्ट घरोघर पोचली. नोंद करता करता चित्रकार झालेला हा माणूस मात्र मागेच राहिला.

त्याहून अस्वस्थ करतात ते छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या स्टुडिओचे औरंगाबादकडचे १८९९-१९००च्या दुष्काळाचे फोटो. भूक खरी, हाडं खरी. आणि तीच माणसं कॅमेऱ्यासमोर नीट रचून बसवलेली. पुरावा कुठे संपतो आणि मांडणी कुठे सुरू होते, हे त्या फोटोंकडे बघताना ठरवता येत नाही. आजचे प्रायोगिक दिग्दर्शक ज्यावर घासाघीस करतात तो मुद्दा हाच आहे. फरक इतकाच की ते मांडणी लपवत नाहीत. पायल कपाडियांच्या २०२१च्या चित्रपटात विद्यार्थ्यांची आंदोलनं खरी आहेत आणि ज्या प्रेमपत्रांच्या धाग्यावर ती ओवली आहेत, ती पत्रं काल्पनिक. कान महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं ते सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं.