तुरीची मर, काळी बुरशी आणि मेडिकलवरची ट्यूब

शेंगा भरायच्या टायमाला तूर उभीच्या उभी वाळायला लागली की आपल्याकडं आधी म्हणतात पाणी कमी पडलं, अन् ते अगदीच चूक पण नाही, झाड खरंच तहानेनं मरतं, फक्त रानात ओल असताना. खोड उभं चिरून बघा, आत काळपट तपकिरी रेघा दिसतील. हाच मर रोग, फ्युजेरियम उडम ही बुरशी बारीक मुळ्यांतून शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते आणि नळ्या चोक होतात. बुरशी वर चढू नये म्हणून झाड स्वतःपण त्या नळ्यांत डिंकासारखा पदार्थ भरतं, म्हणजे बचावात पण नुकसान आहेच.

झाडाला आपल्यासारख्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात, प्रत्येक पेशीनं आपलं आपण बघायचं. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, झाडाची एन्झाइम्स ते तोडतात अन् सुटलेले तुकडे जाणवले की आजूबाजूच्या पेशी सावध होतात. माणसात पण थोडंफार असंच, आपल्या पेशींवर डेक्टिन-1 नावाचा रिसेप्टर असतो, तो बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन ओळखतो, मग पांढऱ्या पेशी तिला गिळतात. पण बुरशी पण कमी नाही, कॅन्डिडा आपलं ग्लुकन वरच्या थराखाली झाकून ठेवते. शिवाय बऱ्याच बुरशींना आपल्या अंगातलं 37 डिग्री तापमानच झेपत नाही, हे आपलं नशीब.

2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकर, म्हणजे लोक जिला काळी बुरशी म्हणतात ती, आली तेव्हा लोकांना वाटलं हे काहीतरी नवीन आलंय. तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात कायमच असतात, आपण रोज नाकानं ओढतो अन् काही होत नाही. पण कोविड, वाढलेली शुगर आणि वरून स्टेरॉईड, या तिन्हींनी मिळून पांढऱ्या पेशी ढिल्या पाडल्या. शुगर फारच बिघडून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह मोकळं होतं, अन् म्युकरला लोहच पाहिजे असतं. मग ती रक्तवाहिन्यांत घुसते, गुठळ्या होतात, पुढं रक्त जात नाही. तुरीत जे नळ्यांचं झालं तेच इथं. काळं दिसतं ते मेलेलं मांस, म्हणून नुसत्या अॅम्फोटेरिसिन या बुरशीच्या औषधानं भागत नाही, औषध रक्तातूनच जाणार ना, डॉक्टरांना तेवढा भाग कापून काढावा लागतो.

तुरीला मात्र दुसरा रस्ता आहे, बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीएसएमआर 736 सारखी मर सहन करणारी वाणं, पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा (ही पण बुरशीच, दुसऱ्या बुरशीची भिंत फोडणारी) आणि मर लागलेल्या रानात पुढची काही वर्षं तूर न घेता ज्वारी, कारण फ्युजेरियम मातीत वर्षानुवर्षं टिकते.

अन् गजकर्णाला (ते पण बुरशीमुळंच) मेडिकलवरून विचारून आणलेली ट्यूब? त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड मिक्स असतं. खाज म्हणजे आपल्याच इम्युनिटीनं केलेली आरडाओरड, ती स्टेरॉईडनं दबते, बरं वाटतं, आणि चट्टा निवांत पसरत राहतो. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन (ही स्टेरॉईडच) लिहिलेलं असेल तर लावू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.